वारुळाची वास्तुविद्या : कांदाचाळ, गोठा व घर यांसाठी एक धडा

नागपंचमीच्या दिवशी वारुळाची पूजा करून त्यास लाह्या वाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. वारूळ हे नागाचे घर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः नाग तेथे केवळ आश्रयास येतो. वारूळ बांधते ती वाळवी. उभ्या पिकाची मुळे आणि घराचे वासे खाणाऱ्या या कीटकाशी शेतकऱ्याचे वैर असावे, हे रास्तच आहे. तथापि शत्रूच्या अंगी एखादा गुण असेल तर तो पारखून घेण्यात कमीपणा नाही. वाळवीच्या अंगी असा एक गुण आहे, आणि तो म्हणजे तिची वास्तुविद्या.

वैशाखातील उन्हात बांधावरचे वारूळ हाताने स्पर्शून पाहावे. वरची माती चटका देण्याइतकी तापलेली असते. त्याच वारुळाच्या पोटात, जमिनीच्या पातळीखाली, लक्षावधी वाळव्या राहतात, पिले वाढवितात आणि पालापाचोळ्यावर एका विशिष्ट बुरशीची शेतीही करतात. एवढे जीव व ती बुरशी अहोरात्र श्वसन करीत असल्यामुळे आत उष्णता, ओलावा व कार्बन डायऑक्साईड वायू सतत निर्माण होतो. या वसाहतीला ना पंखा, ना डोळ्यांना दिसेल अशी खिडकी. तरीही ती गुदमरत नाही. हे कसे घडते, हे समजून घेतल्यास आपली कांदाचाळ, गोठा व राहते घर यांच्या बांधणीस त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

वारूळ श्वास कसा घेते

या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वीच वेधले होते. स्वित्झर्लंडचे मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ साली आफ्रिकेतील मोठ्या वारुळांविषयी असे प्रतिपादन केले की, वाळवी व बुरशी यांच्या उष्णतेने आतील हवा तापून हलकी होते व वर चढते. वारुळाच्या पातळ कडांमधून तिची बाहेरच्या हवेशी देवघेव होते. आणि थंड झालेली हवा पुन्हा खाली उतरते. चुलीवरील धुराड्यातून धूर वर ओढला जातो, त्याच नियमाचा हा एक प्रकार होय.

पुढील संशोधनाने या मतात महत्त्वाची दुरुस्ती केली. नामिबियातील वारुळांवर जे. स्कॉट टर्नर यांनी जे प्रयोग केले, त्यांवरून असे दिसून आले की, घरट्याचे तापमान भोवतालच्या जमिनीच्या तापमानाबरोबर ऋतूनुसार बदलत असते. म्हणजे दिवसाच्या उन्हापासून घरट्याचे रक्षण प्रामुख्याने जमीन करते. वरच्या वारुळाचे मुख्य काम हवापालट हे आहे.

हा हवापालट घडविणारी शक्ती कोणती, याचा उलगडा आपल्याच देशातील वारुळांवरून झाला. ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही वाळवीची जात भारतात सर्वत्र आढळते. दक्षिण भारतातील या जातीच्या वारुळांचा अभ्यास हंटर किंग, सॅम्युएल ओको व एल. महादेवन यांनी केला व तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. या वारुळाच्या बाहेरील अंगास खांबासारखे पातळ उभार असतात आणि मध्यभागी पोकळ नळी असते. दिवसा उन्हाने बाहेरील उभार लवकर तापतात. त्यांतील हवा वर जाते व मधल्या नळीतून खाली येते. रात्री उभार लवकर थंड होतात, मधला भाग मात्र उबदार राहतो. त्यामुळे प्रवाह उलटतो. दिवसभर साचलेला दूषित वायू रात्री मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो. अशा रीतीने दिवस व रात्र यांच्या तापमानातील फरक हेच या वारुळाचे इंजिन असून त्यास इंधन लागत नाही.

हरारे येथील इमारत

वारुळापासून स्फूर्ती घेऊन बांधलेली एक प्रसिद्ध इमारत आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाच्या राजधानीत, हरारे येथे आहे. ‘ईस्टगेट सेंटर’ नावाची ही कचेऱ्या व दुकानांची इमारत १९९६ साली पूर्ण झाली. तिचे वास्तुशिल्पी मिक पीअर्स हे होत. नऊ मजल्यांच्या दोन जोड-इमारती व त्यांमध्ये वरून काचेने आच्छादलेला मोकळा चौक, अशी तिची रचना आहे. नेहमीच्या पद्धतीची वातानुकूलन यंत्रणा तीत बसविलेली नाही. रात्री बाहेरची गार हवा पंख्यांच्या साहाय्याने पोकळ जमिनींतून खेळविली जाते, व त्यामुळे काँक्रीट व विटा यांचे जाडजूड अंग थंड होते. दिवसा हीच थंड जमीन आत येणाऱ्या हवेतील उष्णता शोषून घेते. तापलेली हवा छतालगतच्या मार्गांनी माथ्यावरील धुराड्यांतून बाहेर जाते. पंख्यांना वीज लागते. परंतु हवा यंत्राने थंड करण्यास जी वीज लागते, तिच्या मानाने ती अल्प असते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वारूळ आतील तापमान हवेच्या प्रवाहाने स्थिर ठेवते, या त्या काळच्या समजुतीवर ही कल्पना उभी होती, आणि ती समजूत पुढे अपुरी ठरली. असे असूनही इमारत उपयोगी ठरली. कारण हरारे उंच पठारावर असल्याने तेथे दिवस तापतात आणि रात्री गार होतात. रचनाकाराने वारुळाचा आकार उचलला नाही. आपल्या गावच्या हवेचे मर्म ओळखले. निसर्गाचे अनुकरण करणे म्हणजे त्याच्या रूपाची नक्कल करणे नव्हे. तो कोणत्या साधनाने कोणते काम साधतो ते जाणून, आपल्या गरजेपुरते उचलणे म्हणजे खरे अनुकरण.

महाराष्ट्राचे पठारही या दृष्टीने भाग्यवान आहे. फाल्गुन-चैत्रात देशावर व खानदेशात दिवसाचे व पहाटेचे तापमान यांत १५ अंश सेल्सिअसहूनही अधिक अंतर पडते. दररोज रात्री फुकट मिळणारा हा गारवा आपण बहुधा वाया जाऊ देतो.

कांदाचाळ : सजीव मालाचे घर

रब्बीचा कांदा चैत्र-वैशाखात निघतो व भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत चाळीत राहतो. कुटुंबाची वर्षाची कमाई या चाळीत असते. वजनातील घट, सड व मोड या तीन वाटांनी ती गळून जाते. पुष्कळ शेतकरी चाळ म्हणजे माल झाकून ठेवण्याची कोठी समजतात. परंतु काढणीनंतरही कांदा सजीव असतो. वारुळातील जीवांप्रमाणे तोही श्वसन करतो, उष्णता व ओलावा बाहेर टाकतो. ही ऊब व वाफ ढिगात कोंडली की सड सुरू होते. साध्या हवेवर साठवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. यास्तव चाळीची प्रत्येक फट ही मालाची नाकपुडी आहे, असे समजावे.

चाळ बांधताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असावा व तळास फटी ठेवाव्यात. गार हवा जड असल्याने खालून आत शिरते व उबदार हवेला वर लोटते. तळाखालील मोकळ्या जागेत पोती, अवजारे वा सरपण रचून ती बुजवू नये.

२. पाखीची रुंदी ४ फूट व कांद्याच्या थराची उंची ४ ते ५ फूट असावी. याहून रुंद वा उंच ढिगाच्या मध्यापर्यंत हवा पोचत नाही, व खालच्या कांद्यावर भार पडतो. चाळीची लांबी ५० फुटांपेक्षा अधिक नसावी.

३. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या आरपार जातो. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी, म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्यातून वारा खेळतो.

४. छपरास कौले, सिमेंटचे पत्रे किंवा उसाचे पाचट वापरावे. उघडा लोखंडी पत्रा दुपारी तापून वरच्या थरास भाजतो.

५. पावसाची झड येईल त्या बाजूस तेवढ्यापुरते बारदान वा ताडपत्री सोडावी. पाऊस थांबताच ती गुंडाळून ठेवावी. पावसाच्या भीतीने चाळ महिनोन्‌महिने झाकून ठेवणे म्हणजे पावसापासून वाचविलेला कांदा वाफेने कुजविणे होय.

चाळ कितीही चांगली असली तरी कच्चा, ओला किंवा जखमी कांदा ती टिकवू शकत नाही. कांदा शेतात पातीसह ३ ते ४ दिवस सुकवून, १ ते दीड इंच मान राखून पात कापावी. त्यानंतर तो सावलीत सुमारे दोन आठवडे सुकवून, निवडून मगच चाळीत भरावा.

गोठ्याचा माथा

गाई-म्हशींच्या शरीरातूनही सतत उष्णता व वाफ बाहेर पडते. ही हवा वर चढून छपराच्या कण्याखाली साचते. कण्यावर फट नसेल तर तिला वाट मिळत नाही. गोठ्यात कोंदट वास भरतो, जनावरे धापा टाकतात आणि दूध घटते. गोठ्याच्या रुंदीच्या दर १० फुटांमागे २ इंच या प्रमाणात कण्यावर सलग फट ठेवावी व पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर थोड्या उंचीवर टोपण बसवावे. मात्र वरची वाट एकटी कामास येत नाही. खालून हवा आत येण्यास बाजू मोकळ्या असल्या, तरच वरून ती बाहेर जाते. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत घुसत नाही.

राहते घर

घराचा नियम मात्र निराळा आहे. चाळ व गोठा सदैव मोकळे असावेत. जाड भिंतींचे घर उन्हाळ्यात दिवसा मिटलेले व रात्री उघडे असावे. दुपारी बाहेरची हवा आतल्याहून तापलेली असताना खिडक्या सताड उघडणे म्हणजे ऊन घरात बोलाविणे होय. सूर्यास्तानंतर बाहेर गारवा आला की खालच्या खिडक्या व वरचे झरोके उघडावेत. रात्रभर गार हवेने भिंती व जमीन निवतात, आणि तो गारवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरतो. हरारेच्या इमारतीत पंखे जे काम करतात, तेच येथे गृहिणीने वेळेवर उघडलेला झरोका करतो.

मराठवाड्यातील व खानदेशातील माळवदाची व धाब्याची घरे याच तत्त्वावर गार राहत. जाड मातीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होत असे. परंतु या घरांची स्तुती करताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. त्या दिवशी लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती व डोईवरचा मातीचा प्रचंड भार कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. गारवा हवा म्हणून तो धोका पुन्हा पत्करू नये. भूकंपाचा विचार करून बांधलेले, पट्टे व सांधे मजबूत असलेले घरच बांधावे. आणि गारव्यासाठी छपराखाली हलके अंतर्छत, पश्चिमेस पडवी वा झाडांची सावली आणि छपरावर चुन्याचा पांढरा हात यांचा अवलंब करावा. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. हा उपाय पत्र्याच्या घरासही लागू पडतो व त्यास खर्च थोडा येतो.

कोकणातील शेतकऱ्यांनी ही रीत जशीच्या तशी उचलू नये. समुद्रकाठी हवा दमट असते व दिवस-रात्रीच्या तापमानात अंतर थोडे असते. त्यामुळे रात्रीचा गारवा साठवून ठेवण्याचा लाभ तेथे अल्प. उतरती कौले, रुंद पागोळ्या, पडवी आणि आरपार वाहणारा वारा हीच तेथील खरी साधने होत.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ भाषणाने सांगू नये; तो दाखवून द्यावा. त्यासाठी दोन साधे तापमापक व एक उदबत्ती एवढेच साहित्य पुरे. गावातील एक झाकलेली चाळ व एक मोकळी चाळ निवडून दोन्हींत ढिगाच्या मध्याशी तापमापक ठेवावेत. पहाटे व दुपारी तीन वाजता, असे रोज दोनदा आकडे वहीत टिपून महिनाभर नोंद ठेवावी. चाळीच्या तळाशी उदबत्ती धरून धूर कोणीकडे ओढला जातो ते शेतकऱ्यांना स्वतः पाहू द्यावे. जेथे धूर जागीच घुटमळतो, तेथे हवा अडलेली आहे. ती जागा शोधून मोकळी करावी. हंगामाच्या शेवटी दोन्ही चाळींतून निघालेला चांगला कांदा व सडका कांदा वेगवेगळा तोलून ग्रामसभेत आकडे वाचून दाखवावेत. उपदेशापेक्षा तराजूचा शब्द शेतकऱ्यास अधिक पटतो.

वाळवीजवळ तापमापक नाही आणि नकाशाही नाही. अगणित पिढ्यांच्या जगण्या-मरण्यातून तिच्या जातीस ही विद्या लाभली आहे. आपणास तेवढा काळ थांबण्याची गरज नाही. डोळे उघडे ठेवून पाहणे, मोजणे व पडताळणे एवढे आपल्या हाती आहे. पुढील नागपंचमीस वारुळापुढे हात जोडाल, तेव्हा त्याच्या अंगावरील उभारांकडे क्षणभर निरखून पाहा, आणि घरी परतल्यावर आपल्या चाळीचा तळ मोकळा आहे ना, याची खात्री करून घ्या.