पेटीतला कागद आणि आपले ऋण

चंद्रपूरची दीक्षाभूमी आपल्याला ठाऊक आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली. पण त्याच जिल्ह्याच्या जंगलात पुढच्या दशकात आणून वसविलेल्या बंगाली निर्वासितांचे बाबासाहेबांशी काय नाते आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

चामोर्शी, मुलचेरा भागात हा माणूस धानाच्या बांधीत राबताना, आठवडी बाजारात मासळी विकताना दिसतो. आपण त्याला नुसते ‘बंगाली’ म्हणतो. त्याची जात आपण विचारलेली नाही. यातले बहुसंख्य नामशूद्र आहेत. सवर्ण त्यांना ‘चांडाल’ म्हणून हिणवीत. गुरुचंद ठाकूर यांच्या काळात या समाजाने लढून १९११ च्या जनगणनेत तो शब्द पुसून काढला.

१९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याची मुंबईतील वाट बंद होती. तेव्हा याच समाजाचे जोगेंद्रनाथ मंडल पुढे आले आणि बंगालच्या विधिमंडळातून बाबासाहेब निवडून गेले. वर्षभरात फाळणी झाली. नामशूद्रांची बरीसाल, फरीदपूर, खुलना ही भूमी पाकिस्तानात गेली. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. पण आपल्या माणसांचे रक्षण होत नाही हे पाहून १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. १९६४ च्या दंगलींनी उरलेल्यांनाही घराबाहेर काढले.

आधी आलेल्या भद्रलोकांनी कलकत्त्याच्या आसपास वसाहती केल्या. दलित शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र अंदमान आणि दंडकारण्य आले. नदीकाठच्या माणसाला साग-बांबूच्या रानात आणून सोडले. ते रान गोंड-माडियांचे होते. त्यांनाही कोणी विचारले नाही. एका शोषिताला उठवायचे आणि दुसऱ्या शोषिताच्या दारात बसवायचे, ही व्यवस्थेची जुनीच चाल आहे.

या घरांतली म्हातारी माणसे त्या दिवसांबद्दल फारसे बोलत नाहीत. कोणाचे घर जळले, वाटेत कोणाचे मूल गेले, हे नातवंडांना अर्धवटच कळते. पण भीती मात्र पूर्ण मिळते. पत्र्याच्या पेटीत निर्वासित म्हणून मिळालेला कागद जिवापाड जपलेला असतो. नागरिकत्वाचा विषय निघाला की याच मातीत जन्मलेला तरुणही आधी ती पेटी उघडून पाहतो. जमिनीचा वारसा सात-बारावर चढतो. भीतीच्या वारशाला कोणता तलाठी नोंदवणार?

आणि ही भीती निराधार नाही. १९७८ साली दंडकारण्यातील हजारो निर्वासित बंगालच्या आशेने सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेले. १९७९ च्या जानेवारीत डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले आणि मे महिन्यात त्यांना हुसकावून लावले. किती माणसे मेली याचा हिशेब आजही लागलेला नाही. दलितांच्या मरणाचा हिशेब ठेवतो कोण?

पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नाहीत. म्हणजे जातीचा चटका तोच, पण जातीचा दाखला नाही! सरकारने सीमा बदलली, गाव बदलले, भाषाही बदलली; जात मात्र बदलली नाही. तरीही तिची नोंद करायला सरकार तयार नाही. ज्यांच्या प्रतिनिधीने संविधानाच्या शिल्पकाराला संविधान सभेची वाट मोकळी करून दिली, त्यांचीच नातवंडे त्या संविधानाच्या सवलतीबाहेर उभी आहेत.

त्यांच्या भीतीवर मते मागणारे त्यांच्या दारी केव्हाच पोहोचले आहेत. आपण कधी जाणार? आदिवासींच्या हक्काला धक्का न लावता नामशूद्रांचा न्याय मागता येतो, हे चळवळीने दाखवून दिले पाहिजे. येत्या ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाताना एवढे आठवावे. तिथून पुढे, वैनगंगेपलीकडे, आपलीच माणसे आहेत. जोगेंद्रनाथांचे ऋण फेडायचे तर आधी त्यांच्या नातवंडांच्या घरी जाऊन बसावे, आणि ती पेटी उघडून ते जे सांगतील ते ऐकावे.

जय भीम!