कवायत सक्तीची असावी का?



मागच्या हिवाळ्यात एका मंडळीचे काही सभासद सातपुड्यातील आमचे वसतिगृह पाहायला आले होते. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या काकांनी मला विचारले, "ब्रदर, तुमच्याकडे पहाटेची कवायत सक्तीची का नाही? मुलांना शिस्त लागेल, शरीरे घडतील." प्रश्न प्रेमाचा होता. त्याचे उत्तर तुम्हा सर्वांना द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

खरे सांगायचे तर आमच्याकडे अशी सक्ती होती, आणि ती मीच लावली होती. पहाटे साडेपाचला घंटा, मैदानाला पाच फेऱ्या, मग हातापायांची कवायत. सातवीतला एक मुलगा नेहमी मागे पडायचा. पाय दुखतात म्हणायचा. मी त्याला आळशी समजलो. डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी मी त्याला एकट्याला राहिलेल्या फेऱ्या पुऱ्या करायला लावल्या. दुपारी तो पाठ आणि पाय धरून विव्हळू लागला. रुग्णालयात रक्त तपासल्यावर कळले, त्याला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी मला एवढेच विचारले, "पळण्याआधी मुलगा पाणी प्यायला होता का?" मला उत्तर देता आले नाही. देवाच्या दयेने तो सहा दिवसांनी बरा होऊन परत आला. मी त्याची आणि त्याच्या वडिलांची क्षमा मागितली.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आमच्या भागातील भिल्ल आणि पावरा समाजात तो बराच आढळतो. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. या आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, ताप आणि अतिश्रम ही त्यामागची नेहमीची कारणे. म्हणजे आमच्या पहाटेच्या कवायतीत थंडी, तहान आणि दमणूक या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नुसता वाहक असलेला मुलगा बहुधा इतरांसारखाच खेळतो; मात्र त्यानेही पाणी पीत राहावे आणि श्रम हळूहळू वाढवावेत. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली तपासणी होते. संशय आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस करून खात्री करतात. सरकारने 1 जुलै 2023 रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. त्यामुळे तपासणी आता पूर्वीइतकी दूरची गोष्ट राहिलेली नाही.

मग व्यायामच बंद करावा का? मुळीच नाही. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मुलांच्या अंगात बळही आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या आशियाई स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. पण त्यांच्यामागे प्रशिक्षण होते, आहार होता, वैद्यकीय तपासणी होती. नुसत्या घंटेने हे घडत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की सक्ती हवी, पण आधी ती आपल्यावर, मोठ्यांवर हवी. मुलाला पळवण्यापूर्वी त्याचे रक्त तपासणे, पोटात काही घालणे, हाताशी पाणी ठेवणे आणि "दुखते" म्हणताच त्याला बसू देणे, हे आपले कर्तव्य आहे. आता आमच्याकडे कवायत नाही. रोज संध्याकाळी खेळाचा तास आहे आणि तो सर्वांना आहे. कोणी कबड्डी खेळतो, कोणी धावतो. सिकलसेल असलेली मुले डॉक्टरांच्या सल्ल्याने हलके खेळ खेळतात आणि मध्ये मध्ये विसावा घेतात. तो मुलगा आता खो-खोचा पंच आहे. त्याची शिट्टी सर्वांत मोठी वाजते!

उत्पत्तीच्या 33 व्या अध्यायात एसाव आपला भाऊ याकोब याला बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब मात्र नम्रपणे नाही म्हणतो. मुले कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी जास्त दामटले तरी ती दगावतील, हे तो जाणतो आणि मुलांच्या चालीने मागून येईन असे सांगतो. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या रुग्णालयातल्या खाटेशेजारी कळला.

नव्या वर्षी दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची तपासणी पहिल्याच महिन्यात व्हावी, असा आमचा प्रयत्न आहे. यासाठी प्रार्थना करा. आणि आम्हाला भेटायला याल तेव्हा संध्याकाळी या, म्हणजे मुलांबरोबर मैदानातही उतरता येईल.