गोऱ्हे एकच, नोंदी दोन

सकाळी ९. चर्नी रोडहून धिमी लोकल, लोअर परळला उतरायचं. दिवाळी तोंडावर आली की दादरच्या एका दुकानाच्या फराळाच्या ऑर्डरी दोन वाटांनी येतात: वेबसाइटवरून, आणि फोन घेणाऱ्या मावशींच्या शीटमधून. तीनपर्यंत दोन्हींची एक यादी पॅकिंगच्या टेबलावर लागते. ती करणं माझं काम.

१०. एन-एट-एन उघडते. २०१९मध्ये बर्लिनला सुरू झालेलं हे साधन. कामाच्या एकेका पायरीचे नोड मांडायचे, रेघांनी जोडायचे. वेबसाइट सगळ्या ऑर्डरी एकाच जेसन ॲरेत भरून पाठवते, आणि तो ॲरे इथे एकच आयटम म्हणून येतो. म्हणून आधी ‘स्प्लिट आउट’ने ऑर्डरी सुट्या करायच्या, मगच ‘मर्ज’ने दोन्ही याद्या जोडायच्या. नुसतं ‘अपेंड’ केलं तर एक यादी दुसरीखाली चिकटते आणि दोन्हीकडे असलेलं गिऱ्हाईक दोनदा येतं. ‘पोझिशन’ने जोडलं तर पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, क्रम जरा वेगळा असला की जोशांच्या पत्त्यावर पाटलांच्या करंज्या.

११. मग जुळवायचं कशावरून? नावावरून नाही. ‘गोऱ्हे’ घ्या. यातला ऱ संगणकात तीन तऱ्हांनी उमटतो: एकसंध अक्षर म्हणून, र आणि नुक्ता मिळून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून. डोळ्यांना तिन्ही सारखे, तुलनेत तिन्ही वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन पहिले दोन एक करतं, तिसरा तसाच राहतो. शिवाय गिरगावात एकाच चाळीत दोन गोऱ्हे राहू शकतात.

१२. फोन नंबर बरा, पण शीटमध्ये तो संख्या असतो आणि वेबसाइटकडून मजकूर, कधी सुरुवातीला +९१ लावून. दोन्हीकडे मजकूर करून शेवटचे दहा अंक ठेवते. तरी एकच आई एकाच नंबरवरून एक पेटी पुण्याला आणि एक न्यू जर्सीला पाठवते. त्या दोन पेट्या एक होता कामा नयेत, म्हणून फोनबरोबर पोचत्या पत्त्याचा पोस्टाचा कोडही धरते. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, हाच तेव्हाच्या टपालाचा पेच होता. संस्कृत कवी असलेल्या या माणसाने सहा आकड्यांत तो सोडवला, याचं मला फार कौतुक आहे.

१.३०. डबा. भेंडीची भाजी.

२. ‘कीप एव्हरीथिंग’ निवडते. ‘कीप मॅचेस’ ठेवलं तर ज्यांनी एकाच वाटेने ऑर्डर दिली ती माणसं गुपचूप गळतात, एररसुद्धा येत नाही. मोजणी करते: दोन्ही याद्यांची बेरीज, वजा जुळलेल्या जोड्या. आकडा बसतो.

२.२०. एका जोडीत चकली वेबसाइटवर अर्धा किलो, शीटमध्ये एक किलो. अशा वेळी कुठली यादी खरी मानायची, ते या साधनाला आधी सांगून ठेवता येतं. मी सांगत नाही. घरच्या खाण्याचा प्रश्न माणसालाच विचारावा. मावशींना फोन लावते.

२.४५. त्यांचा उलटा फोन. “अगं, काकूंना दोन्ही हव्यात. अर्धा लेकाला, किलो त्याच्या मित्रमंडळींना. पेटी एकच.” चकलीपुढे दीड किलो लिहून यादी दादरला पाठवते.