वेबपान मराठीत : विजेट आलं आणि शिरोरेषा तुटली

मागच्या भागात सिलेक्टरचं वजन कसं मोजायचं ते पाहिलं. दोन स्टाइलशीट एका पानावर आल्या की त्या वजनावरून कशी जुंपते, ते या आठवड्यात पाहू.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका उत्पादक गटानं साइट काढली. वर ठळक शीर्षक, 'धारूरची सीताफळं'. ऑर्डर घ्यायला बाहेरचं तयार विजेट बसवलं आणि शीर्षकाची शिरोरेषा तुटली. अक्षरं सुटी झाली, 'ळं'वरचा अनुस्वार कापला गेला.

विजेटवाल्यानं 'टायटल' या क्लासला लेटर-स्पेसिंग दोन पिक्सेल, लाइन-हाइट एक आणि ओव्हरफ्लो हिडन दिलं होतं. साइटच्या शीर्षकाचाही क्लास 'टायटल'च, तिथे लेटर-स्पेसिंग नॉर्मल आणि लाइन-हाइट दीड. वजन सारखं असलं की नंतर आलेला नियम जिंकतो, आणि विजेटची स्टाइलशीट सगळ्यात शेवटी लोड होते. ओव्हरफ्लोबद्दल तर साइटनं काही सांगितलंच नव्हतं, म्हणजे तिथे विजेटला अडवणारं कुणीच नाही.

रोमन लिपीत दोन पिक्सेलची फट खपून जाते. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेनं जोडलेली असतात, तीच फट शब्द फोडते. म्हणून विजेट तपासताना 'कीर्ती', 'कर्तृत्व' असे रफार-ऋकाराचे शब्द मुद्दाम टाकून बघावेत. नुसतं 'टेस्ट' लिहून काही कळत नाही.

अशा वेळी हात आधी 'इम्पॉर्टंट'कडे जातो. माझ्या मते तो तिथेच आवरावा. आज तुम्ही लावाल, उद्या विजेटच्या नव्या आवृत्तीत तेही लावतील. त्यापेक्षा शीर्षकावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. स्टाइल्सच्या रकान्यात हरलेल्या ओळींवर काट मारलेली दिसते, आणि प्रत्येक नियम कुठून आला तेही शेजारीच दिसतं.

विजेटची सीएसएस फाइल तुम्हीच जोडत असाल, तर ती 'लेयर'मध्ये घाला. २०२२पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत हे चालतं. लेयरबाहेरचा साधा नियम लेयरमधल्या नियमावर मात करतो, आतल्याचं वजन कितीही असो. मेख एकच आहे. दोन्हीकडे 'इम्पॉर्टंट' असेल तर निकाल उलटतो, लेयरमधला जिंकतो. आणि जे हवं ते साइटच्या नियमात लिहायलाच हवं. इथे ओव्हरफ्लो व्हिजिबल.

विजेटची स्क्रिप्टच पानात सीएसएस ओतत असेल, तर लेयर उपयोगाचा नाही. तिथे आपला सिलेक्टर जड करा, म्हणजे शीर्षकाभोवतीच्या डब्याला आयडी देऊन त्याच्या आतला 'टायटल' पकडा. एक आयडी कितीही क्लासना भारी पडतो. विजेट आयफ्रेममध्ये टाकलं तर दोन्हीकडचे नियम एकमेकांना शिवतच नाहीत, पण मग त्याची उंची आपल्याला सांभाळावी लागते.

आणखी एक वाट शॅडो डॉमची. ती विजेट बनवणाऱ्याच्या हातात असते. तिच्यात बाहेरचे सिलेक्टर अडतात, पण फाँट, रंग, लेटर-स्पेसिंग असे वारशानं येणारे गुण आत झिरपतात. ते का, आणि कसं थोपवायचं, हे पुढच्या भागात.