वेदनेचे कौतुक पुरे

कलावंताच्या दुःखातूनच थोर कला जन्मते, अशी एक समजूत रसिकांत रूढ आहे. अमेरिकेतील मेम्फिसचा सोल गायक जेम्स कार याचे आयुष्य पाहिले, म्हणजे ही समजूत किती फसवी आहे हे ध्यानात येते.

कारचा जन्म १९४२ साली मिसिसिपी राज्यात झाला व तो वाढला मेम्फिसमध्ये. वडील धर्मोपदेशक असल्याने गळ्यावर पहिला संस्कार झाला तो चर्चमधील प्रार्थनागीतांचा. सोल संगीत याच भूमीतून उगवले. देवापुढील आळवणीची आर्तता तीच. शब्द मात्र संसारातील प्रेमाचे, विरहाचे आणि अपराधाचे. गोल्डवॅक्स या छोट्या कंपनीने कारच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांत त्याचे नाव झाले. डॅन पेन व चिप्स मोमन यांनी रचलेले ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ हे चोरट्या प्रेमाचे गीत त्याने प्रथम गायिले. त्यात गळ्याची कसरत नाही. पकडले जाण्याचे भय आणि तरीही न सुटणारी ओढ, दोन्ही त्या संयत स्वरात एकाच वेळी ऐकू येतात. पुढे अरेथा फ्रँकलिनपासून अनेकांनी ते गायिले. १९९१ च्या ‘द कमिटमेंट्स’ चित्रपटामुळे ते नव्या पिढीपर्यंत गेले. मूळ गायक मात्र मागेच राहिला.

या विस्मृतीला कारणे होती. कारला तीव्र मनोविकाराने ग्रासले होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो तासन् तास निश्चल बसून राही. १९६९ मध्ये गोल्डवॅक्स बंद पडली आणि उरलासुरला आधारही गेला. १९७९ च्या जपान दौऱ्यात तर तो रंगमंचावर नुसताच उभा राहिला, गाणे फुटेना.

अशा गायकाविषयी, ‘त्याच्या वेदनेनेच त्याचा स्वर घडविला,’ असे म्हणणे सोपे असते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. त्याचा स्वर चर्चने आणि मेहनतीने घडविला होता. आजाराने तो वर्षानुवर्षे मुका केला. १९९० च्या दशकात, गोल्डवॅक्सचे एक संस्थापक क्विंटन क्लॉन्च यांची साथ लाभली, तेव्हा कार पुन्हा गाऊ शकला. परंतु मधली उमेदीची दोन दशके जवळजवळ रितीच गेली होती. ७ जानेवारी २००१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांनी जिव्हाळ्याने जपल्या, त्या पुन्हा प्रसिद्धही झाल्या. ही कृतज्ञता योग्यच आहे. परंतु तबकडी जपणे सोपे, माणूस जपणे कठीण. कारण त्यासाठी औषधोपचार लागतात, नियमित उत्पन्न लागते आणि गाणे थांबले तरी न थांबणारी माणसे लागतात. कारच्या आवाजापुढे नतमस्तक होताना त्याने गायिलेल्या गाण्यांबरोबर त्याला गाता न आलेल्या गाण्यांचाही हिशेब मांडला पाहिजे.