अंगण सगळ्यांचं (भाग ५) : कोयते मोजले, लेकरं राहिली

दसरा-दिवाळी झाली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडच्या वाड्या-तांड्यांवर मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरी सोय असते. दोन-तीन वर्षांचं लेकरू आईबरोबरच जातं. गावच्या अंगणवाडीत ते ‘स्थलांतरित’ ठरतं आणि कारखान्याकडच्या अंगणवाडीत कुणी नोंदवलं तरच त्याचं नाव लागतं.

कायदा यात आडवा येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. मूळ कायद्यात तीन ते सहा वयोगटासाठी तो रोज ५०० कॅलरींचा होता. मूळ गावाची अट त्यात नाही. त्याआधी, १३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अंगणवाडी नसलेल्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील, तर मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. पण तोडणीचा हंगामच पाचेक महिन्यांचा. अंगणवाडी मंजूर होईतो कोप्या (तोडणी कामगारांच्या झोपड्या) उठायची वेळ येते. म्हणून जवळच्या चालू अंगणवाडीनंच या लेकरांना सामावून घेणं, हाच खरा मार्ग.

ते घडायचं कसं? निघण्याआधी गावच्या सेविकेनं वजन, उंची आणि पुढच्या लसीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्यावी. पोषण ट्रॅकरवरची नोंद दुसऱ्या केंद्राकडे वळवता येते, तीही वळवावी.

तिकडे तोडणी भल्या पहाटे सुरू होते. अंगणवाडी उघडते तेव्हा आई-बाप फडात असतात. धाकट्याला कडेवर घेऊन येते ती आठ-नऊ वर्षांची बहीण. तिला ‘आईला घेऊन ये, आधार कार्ड आण’ म्हणणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं. आधी ताट वाढावं. कागद संध्याकाळी कोपीवर जाऊन बघता येतात.

मात्र वाढीव ताटांचा शिधा सेविकेनं पदरचा आणायचा का? तिच्यावर भार टाकून भागणार नाही. मुकादमाकडे टोळीची यादी असते. कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, किती, हे त्याला तोंडपाठ असतं. लेकरं किती, हे त्याला कुणी विचारत नाही. तो आकडा गाळप सुरू होण्याआधी कारखान्याकडून तिथल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे गेला, तर शिधा वेळेत मागवता येईल.

आणि हे फक्त सांगली-कोल्हापूरकडून मागायचं नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद कारखान्यांवर बिहार, उत्तर प्रदेशातले कामगार राबतात. त्यांच्यातल्या बायकापोरांसह आलेल्यांसाठी आपल्या अंगणवाडीचं दार किती उघडं आहे, ते आधी बघू. आपल्या लेकरांसाठी परमुलखात जे मागतो, ते इथं द्यायलाच हवं.

(पुढील भागात : दिव्यांग बालकांसाठीचा २०२३ चा अंगणवाडी प्रोटोकॉल)