प्रार्थनेच्या वेळीं आलेली भोवळ

आरोग्य हा विषय आपल्या माध्यमिक शाळांतून शिकविला जातो. परंतु तो बहुधा पुस्तकांतच राहतो. रक्ताभिसरणाची आकृति सुबक काढून पुरे गुण मिळविणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या रक्तांत काय चाललें आहे, याची वार्ता तिला नसते, तिच्या आईला नसते आणि तिला शिकविणाऱ्या बाईंनाही नसते. हें मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठीं लिहीत नसून स्वतःच्याच अनुभवावरून लिहीत आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे नववीचा वर्ग होता. त्या वर्गांतील एक मुलगी सातवीपर्यंत पहिल्या पांचांत असे. पुढें ती मागें पडूं लागली. दुपारच्या तासाला तिचे डोळे मिटत, जिना चढून आल्यावर तिला धाप लागे आणि खेळाच्या तासाला ती कांहींतरी निमित्त सांगून कडेला बसे. मीं तिच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला : ‘हुशार आहे, पण आळस फार. लक्ष नसतें.’ तो शेरा वाचून घरीं तिला काय ऐकून घ्यावें लागलें असेल, हा विचार त्या वेळीं माझ्या मनाला शिवला नाहीं. पुढें एका सकाळीं प्रार्थना चालू असतांनाच ती भोवळ येऊन रांगेंत खालीं पडली.

आईंना बोलावून घेतलें. “बाई, आज तिची चतुर्थी आहे, त्यामुळें झालें असेल,” त्या म्हणाल्या. रक्त तपासून घ्या, असें मीं सुचवितांच त्यांना किंचित् वाईट वाटलें. “आमच्याकडे खाण्यापिण्याला कांहीं कमी नाहीं हो !” दोन-तीन दिवसांनीं अहवाल आला. हिमोग्लोबिन ८.४ ग्रॅम होतें. या वयाच्या मुलीला तें निदान १२ असावयास हवें. मुलीला आळस नव्हता. प्राणवायु वाहून नेणारें द्रव्यच तिच्या रक्तांत जवळजवळ एक-तृतीयांशानें कमी होतें.

त्या माउलीप्रमाणेंच आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पांडुरोग हा गरिबाघरचा पाहुणा आहे. आंकडे निराळें सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं ५९.१ टक्के, आणि त्याच वयाच्या मुलांपैकीं ३१.१ टक्के, रक्तक्षय असलेले आढळले. सुखवस्तू घरांतील स्त्रियांतही हें प्रमाण निम्म्याच्या आसपासच होतें. बोटाऐवजीं शिरेंतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणींत हा आंकडा कमी आला. तरीही १० ते १९ वर्षांच्या मुलींत तो ४० टक्के होताच.

याचीं कारणें गूढ नाहींत. या वयांत शरीर झपाट्यानें वाढतें, त्यामुळें लोहाची गरज मुलगे आणि मुली दोघांनाही वाढते. मुलींचा त्यांत मासिक पाळीनें होणारा व्यय भर घालतो. आपला आहार शाकाहारी. भाजीपाल्यांतील आणि धान्यांतील लोह शरीर थोडेंच शोषून घेतें. वर जेवणाबरोबर चहा झाला म्हणजे तेंही अडतें. उपासाच्या साबुदाण्यांत लोह नांवाला असतें.

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यांतून एकदां लोहाची गोळी देण्याची योजना २०१३ पासून सरकारी व अनुदानित शाळांत सुरू झाली. २०१८ पासून त्या निळ्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असावें, असें ठरलें. जोडीला वर्षांतून दोनदां जंतांचें औषध. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमांत प्रत्येक शाळेंतील दोन शिक्षकांना, एक स्त्री व एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे.

मग उणें कोठें पडतें ? माझ्या मतें, गोळी मुलांच्या हातीं पडते, पण तिची हकीकत त्यांच्या कानीं पडत नाहीं. रिकाम्या पोटीं घेतल्यास मळमळतें, शौचास काळें होतें, हें कोणी आधीं सांगितलेलें नसतें. एका मुलीला उलटी झाली कीं वर्गभर बभ्रा होतो आणि पुढच्या आठवड्यांत निम्म्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. त्या प्रसंगानंतर मीं आमच्या वर्गांत गोळी मधल्या सुटींतील डब्यानंतर देण्यास आरंभ केला आणि पहिली गोळी मुलींदेखत मीं स्वतः घेतली. पाळीसंबंधानेंही आडपडदा न ठेवतां बोलूं लागलें. पहिल्या दिवशीं मुली खालमानेनें बसल्या होत्या, तिसऱ्या आठवड्यांत एकीनें हात वर करून विचारलें, “बाई, आठ-आठ दिवस चालणें बरोबर आहे का?” असा प्रश्न आईलाही न विचारतां ती मुलगी किती महिने मनांत घेऊन बसली होती, कोण जाणे ! तिलाही मीं डॉक्टरांकडे धाडलें.

घरीं करावयाचें तें फार अवघड नाहीं. चहा जेवणाबरोबर न देतां निदान तासभर पुढें-मागें ठेवावा. वरणभातावर लिंबू पिळावें, जेवणांत आंवळा, पेरू असावा. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वानें लोह अंगीं लागतें. मटकी, मूग मोड आणून करावे, पालेभाजी लोखंडी कढईंत परतावी, थंडींत अळिवाचे लाडू करावे. वाढत्या मुलीचे उपास घरच्या वडीलधाऱ्यांनींच सोडवावे. देव त्याचा राग मानणार नाहीं. मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाभावींच होतो असें नाहीं. उपरोक्त दुसऱ्या पाहणींत ३१ टक्के मुलामुलींत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली होती, आणि शाकाहारी कुटुंबांना तिचा धोका अधिक. तेव्हां घरच्या अंदाजानें औषध न देतां रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालावें.

आमच्या त्या मुलीला चार महिने औषध झालें. सहामाहीनंतर ती खो-खोच्या संघांत आली, अभ्यासही सुधारला. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तक माझ्या हातीं आलें तेव्हां माझाच जुना शेरा माझ्यासमोर होता. मीं तो खोडला आणि शेजारीं स्वाक्षरी केली. आईंनीं तें पाहिलें आणि हळूच म्हणाल्या, “बाई, घरीं आम्हीही तिला तेंच म्हणत होतों.”

वाचकभगिनींनो, मुलगी मलूल दिसूं लागली, अभ्यासांत मागें पडूं लागली, कीं ‘आळशी’ हा शब्द आपल्या ओठांवर फार लवकर येतो. तो उच्चारण्यापूर्वीं एकदां तिचें रक्त तपासून घ्यावें, एवढेंच या लेखाच्या निमित्तानें सांगावयाचें आहे.